दोनवर उघडलेलं

दहा ते आठ मी दुकानात असतो.
निळा पडदा, प्लास्टिकचं स्टूल, दोन छत्र्या.
हनुवटी थोडी खाली. कान दिसू द्या.
हसू नका, पासपोर्टला हसलेलं चालत नाही.
निम्मं धुळं मला
पस्तीस बाय पंचेचाळीसमध्ये पाठ आहे.

सकाळी मात्र सव्वासातला
गल्ली नंबर चारमधून निघतो
गळ्यात मुश्ताकभाईंचा पेन्टॅक्स अडकवून.
लग्नं सोडून त्यांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं
तेव्हा दीड हजारात आणि एका अटीवर दिलेला :
याला पुन्हा मांडवात न्यायचं नाही, थकलाय तो.

अठ्ठावीसची लेन्स लावली
की पाच कंदील उगाच मोठ्या शहराचा आव आणतो,
कडेची माणसं ताणली जातात.
एकशेपस्तीस लावली की मी चोर :
रस्त्यापलीकडून कुणाची जांभई उचलायची आणि सटकायचं.
दोनदा केलं. दोन्ही फोटो चांगले आले,
कुणाला दाखवले नाहीत.
पन्नासला चालत जावं लागतं,
समोरच्याच्या तंबाखूचा वास येईपर्यंत.
माझ्या पन्नासच्या पोटात बुरशी आहे, नखाएवढी.
ऊन समोरून आलं की सगळं
ताकात बुडवल्यासारखं दिसतं.
मला चालतं.

कौतिकबाई बसते रिकाम्या एटीएमच्या पायरीवर,
गिलके, पोकळा, डांगराच्या फोडी.
काट्यावर वजन ठेवताना तिचा ओठ थोडा मुडपतो,
तेवढ्यासाठी मी सहा सकाळी फुकट घालवल्या.
सातव्या दिवशी, आठला वीस कमी,
पत्र्याच्या फटीतून ऊन नेमकं तिच्या मनगटावर.
मी दोनवर उघडलं,
म्हणजे मागचा पसारा विरघळून जाईल,
रिक्षा, फ्लेक्स, ये-जा.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा शटर वाजला.

"काय दखस रे त्यामां? माले दखाड."
यात दिसत नाही मावशी, रीळ आहे, धुवावं लागतं.
"धुवाले? कोनती नदीवर?
पांझराले तं पानीच नही."

धुतलं आमच्या मोरीत,
दाराखाली जुनं गोणपाट कोंबून, रात्री.
ओठ आला होता. मनगट आलं होतं.
मागे सगळं मऊ, जसं हवं तसं.
मी दोन दिवस त्या फोटोवर खूश होतो.

तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही.
बोट सरळ मागे गेलं, त्या विरघळलेल्यात,
एका करड्या डागावर.
"हाऊ उखा शे."
कोण?
"माना भाऊ. अकरा वरीस व्हयनात, बोलस नही.
रोज आठून जास का हाऊ?"
कशावरून, मावशी? इथं तर काहीच नाही.
"डावा हातमां पिशवी.
उजवानी बोटं मागमां गयी."

मग म्हणाली, याले मोठा कर.

एन्लार्जर शेवटच्या खुणेपर्यंत चढवला.
उखा काही मोठा झाला नाही,
दाणेच मोठे झाले, बाजरी सांडल्यासारखे,
आणि त्यात एक खांदा,
किंवा खांद्याचा अंदाज.
असलं गिऱ्हाईकाला दिलं असतं
तर त्यानं पैसे परत मागितले असते.

तिनं तो हात पुरता लांब करून धरला,
थोडा जवळ घेतला, पुन्हा लांब.
"हां," म्हणाली. "हाऊच."
आणि बटव्यात, नोटांच्या मागे.

काट्यात अर्धा किलो गिलके होते, कुणाचे तरी.
गिऱ्हाईक दोनदा भाव विचारून थांबलं.
आठला वीस कमी.
मी रिंग आठवर फिरवली, मागचं पुढचं सगळं येईल अशी,
कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला
आणि खाली घेतला.

ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.
मी वळलो नाही.